डेस्कटॉप प्रोसेसर २०२१ ते २०२५: खानदेशच्या उन्हात, लाइटीत आणि बजेटात कोणती पिढी बसते?

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये असेंबल पीसीचं कोटेशन मागितलं की पहिली ओळ प्रोसेसरची असते आणि घासाघीसही तिथेच होते. बिलाचा खरा फरक मात्र पुढच्या दोन ओळींत, म्हणजे बोर्ड आणि रॅममध्ये पडतो. प्रोसेसर पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाला पण त्याच्यासाठी डीडीआर५ रॅम नवीन घ्यावी लागली, तर तो सौदा महागात पडला असं समजा. म्हणून इथे प्रत्येक प्रोसेसरचा विचार बोर्ड, रॅम, कूलर आणि एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) यांच्यासकट केला आहे. जळगाव, भुसावळ, धुळे, शहादा या भागातल्या उन्हाचा आणि लाइटीच्या चढउताराचाही हिशोब त्यात धरला आहे, कारण यूट्यूबवरचे बहुतेक रिव्ह्यू एसीच्या खोलीत केलेले असतात.

आज नवीन माल म्हणून चार सॉकेट, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायच्या चार प्रकारच्या जागा, समोर येतात. एएमडीचा जुना एएम४, त्यात रायझन ५००० आणि डीडीआर४ रॅम. इंटेलचा एलजीए१७००, त्यात बारावी, तेरावी, चौदावी पिढी. इथे बोर्डानुसार डीडीआर४ किंवा डीडीआर५, दोन्ही चालतात, पण एका बोर्डावर एकच. एएमडीचा एएम५, सप्टेंबर २०२२ पासून, त्यात रायझन ७०००, ८००० आणि ९०००, फक्त डीडीआर५. आणि इंटेलचा एलजीए१८५१, ऑक्टोबर २०२४ पासून, कोअर अल्ट्रा २०० मालिकेचा, तोही फक्त डीडीआर५.

२०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून रॅमचे भाव जोरात चढले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळला, आणि मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशियल हा आपला ग्राहकांचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. डीडीआर४ सुद्धा वाढली. त्यामुळे घरी किंवा दुकानात जुन्या मशीनमध्ये डीडीआर४, ३२०० वेगाच्या, दोन चांगल्या कांड्या असतील, तर त्या काढून वापरणं हीच आज सर्वांत मोठी बचत आहे. अशा वेळी एएम४ किंवा डीडीआर४ वाल्या एलजीए१७०० बोर्डाला तोड नाही. रॅम कोरीच घ्यायची असेल तर हिशोब बदलतो, मग एएम५ कडे बघा.

भाव पडताळायला एक सोपी रीत आहे. कंपनी अमेरिकेत जो भाव जाहीर करते त्यात कर नसतो. डॉलरला शंभर ते एकशे पाच रुपये धरले की १८ टक्के जीएसटीसकट आपल्याकडचा अंदाजे भाव निघतो. रायझन ५ ९६००एक्स २७९ डॉलरला आला, ९७००एक्स ३५९ ला, कोअर अल्ट्रा ५ २४५के ३०९ ला, अल्ट्रा ७ २६५के ३९४ ला, आय५ १४६००के ३१९ ला. बाजारात आल्यावर सहा महिन्यांनी भाव खाली येतो. २६५के तर २०२५ मध्ये कंपनीनेच बराच उतरवला. दुकानदाराने या हिशोबापेक्षा खूप वर सांगितलं तर कारण विचारा. फारच खाली सांगितलं तर ट्रे माल, म्हणजे कंपनीच्या सीलबंद बॉक्सशिवाय सुटा आलेला प्रोसेसर, आहे का, हे विचारा.

आता कामानुसार.

टॅली, आडत दुकानाची बिलं, आपले सरकार सेवा केंद्राची फॉर्म भरणी, पेजमेकर आणि श्री-लिपीवर लग्नपत्रिका: ही सगळी कामं एका कोअरच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या एका भागाच्या, वेगावर चालतात. इथे आठ-दहा कोअर घेऊन काहीच हाती लागत नाही. आय३ १२१०० मध्ये चार कोअर आणि आठ थ्रेड (एका वेळी चालणारी कामं) आहेत, टर्बो म्हणजे कमाल वेग ४.३ गिगाहर्ट्झ, डिस्प्ले आतच. एच६१० बोर्ड, डीडीआर४ च्या दोन कांड्या आणि एनव्हीएमई एसएसडी घेतली की हे मशीन पाच-सहा वर्षं कुरकुर न करता चालेल. थोडे जास्त पैसे असतील तर आय५ १२४०० घ्या: सहा कोअर, बारा थ्रेड, ४.४ गिगाहर्ट्झ, आणि सगळे कोअर एकाच जातीचे. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या आय५ मध्ये मोठे पी-कोअर आणि छोटे ई-कोअर असे दोन प्रकार असतात. विंडोज ११ हे काम वाटून देतं, पण जुनी डोंगलवाली सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना एकजातीचे कोअर कमी त्रासाचे.

याच गिऱ्हाइकाला बाजारात सर्वांत जास्त फसवलं जातं. 'आय सेव्हन' असं मोठ्या अक्षरात लिहून तिसऱ्या-चौथ्या पिढीचा काढीव प्रोसेसर आणि नवीन छापलेला एच६१ किंवा एच८१ बोर्ड एका चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून विकतात. आय७ ४७७० हा २०१३ चा प्रोसेसर आहे. आजचा आय३ १२१०० त्याच्या जवळपास दुप्पट काम करतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी किंवा रायझन २००० लागतो. 'आय सात' किंवा 'आय पाच' या आकड्याने काही ठरत नाही. त्याच्या पुढचे चार-पाच आकडे बिलावर लिहून घ्या.

एएमडीमध्ये याच कामाला रायझन ५ ५६००जी बसतो. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि वेगा ग्राफिक्स इंटेलच्या यूएचडी ७३० पेक्षा सरस, म्हणजे पोरांचे हलके गेम कार्डाशिवाय चालतात. अट एकच: रॅमच्या दोन कांड्या लावा. एकच कांडी लावली तर मेमरीचा रस्ता अर्धा होतो आणि त्या ग्राफिक्सचा जीवच जातो. ५६०० आणि ५६००जी यांत गल्लत करू नका. बिनजीच्या ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) आहे आणि ग्राफिक्स कार्ड लावायचं असेल तर तोच जास्त वेगवान, पण कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच येणार नाही. ५६००जी मध्ये कॅश १६ एमबी आणि पीसीआय-ई (कार्ड आणि एसएसडी जोडणारा रस्ता) तिसऱ्या पिढीचंच.

तेरावी आणि चौदावी पिढी वेगात कमी नाही. १४६००के सिनेबेंच आर२३ या वेग मोजणाऱ्या सॉफ्टवेअरच्या मल्टी (सगळे कोअर एकदम राबवणाऱ्या) चाचणीत सुमारे २४,००० गुण काढतो. १२४०० सुमारे १२,००० काढतो. पण या दोन पिढ्यांच्या वरच्या मॉडेलांत व्होल्टेज जास्त जाऊन चिप कायमची खराब होण्याचा दोष निघाला. गेम सुरू होताना बंद पडणं, फाइल उघडताना 'करप्ट' दाखवणं, निळी स्क्रीन, ही त्याची लक्षणं. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ आणि सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी हा मायक्रोकोड (बायोसमधून येणारा प्रोसेसरचा दुरुस्ती-अपडेट) दिला आणि बाधित बॉक्स मॉडेलांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. एकदा झालेलं नुकसान मात्र अपडेटने भरून येत नाही. म्हणून १३७००के, १३९००के, १४७००के, १४९००के सेकंडहँड घेऊ नका, कितीही स्वस्त असो. नवीन घेतलात तर विंडोज टाकण्याआधी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करा. बारावी पिढी या दोषापासून मुक्त आहे.

कोअर अल्ट्रा २०० बद्दल दुकानात दोन टोकाची मतं ऐकायला मिळतात. खरं चित्र असं. यात हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर दोन थ्रेड चालवणं) काढून टाकलं आहे, म्हणून २६५के मध्ये ८ पी आणि १२ ई मिळून वीस कोअर आणि वीसच थ्रेड. तरी मल्टी चाचणीत तो सुमारे ३६,००० पर्यंत जातो, कारण ई-कोअर पूर्वीपेक्षा खूप ताकदवान झाले आहेत. रेंडरिंग, एडिटिंग, कंपायलिंग यात तो पैसे वसूल करतो. गेममध्ये मात्र बऱ्याच ठिकाणी चौदाव्या पिढीच्याही मागे पडला. आत एनपीयू, म्हणजे एआयच्या कामांचा वेगळा भाग, आहे, पण १३ टॉप्सचा (टॉप्स हे त्याच्या ताकदीचं माप), आणि मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लसला ४० टॉप्स लागतात. तेव्हा 'एआय पीसी' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. सॉकेटचंही लक्षात घ्या: इंटेल दर दोन-तीन पिढ्यांनी बोर्ड बदलायला लावतं. एलजीए१२०० दोन पिढ्या चालला, एलजीए१७०० तीन. इथे 'पुढे प्रोसेसर बदलू' या आशेवर बोर्ड घेऊ नये.

ती आशा धरायची तर एएम५ वर धरावी. २०२७ आणि पुढेही हा सॉकेट चालवू, असं एएमडीने जाहीर केलं आहे, आणि एएम४ च्या बाबतीत कंपनीने शब्द पाळला होता. रायझन ५ ७६०० हा आमच्या मते या सगळ्या यादीतला सर्वांत समतोल प्रोसेसर: सहा कोअर, बारा थ्रेड, ५.१ गिगाहर्ट्झ, ६५ वॅट, डिस्प्लेपुरतं ग्राफिक्स आत आणि डब्यात कूलर. त्याचा स्वस्त भाऊ ७५००एफ ग्राफिक्सशिवाय येतो. कार्ड लावणारच असाल तर तो चालेल, पण कार्ड बिघडलं की मशीन आंधळं होतं आणि दोष कुठे आहे हे शोधायला दुसरं कार्ड हुडकावं लागतं. तालुक्याच्या गावी ते लगेच मिळत नाही.

९६००एक्स आणि ९७००एक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आले. ७६०० वरून ९६००एक्स वर गेल्याने गेममध्ये फरक थोडाच पडतो. एव्हीएक्स-५१२ (जड आकडेमोडीच्या खास सूचना) वापरणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जास्त. डब्यात कूलर नाही, त्याचे पैसे वेगळे. ९७००एक्स चं आम्हाला कौतुक वाटतं ते वेगळ्या कारणाने: आठ कोअर, ५.५ गिगाहर्ट्झ टर्बो, आणि पूर्ण भारावरही साधारण ८८ वॅटच. एवढ्या विजेत त्याच मल्टी चाचणीत सुमारे २०,००० गुण. निव्वळ गेमसाठी पैसे मोजायचे असतील तर ९८००एक्स३डी, ९६ एमबी एल३ कॅशचा, आजही सर्वांच्या पुढच्या फळीत आहे. पण त्याच्यासोबत तगडं ग्राफिक्स कार्ड नसेल तर ते पैसे वाया.

लग्नाचं शूटिंग आणि अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ करणाऱ्या स्टुडिओंसाठी मात्र निकाल उलटा लागतो. नव्या मिररलेस कॅमेऱ्यांत एच.२६५, ४:२:२, १० बिट अशी, म्हणजे जास्त रंगांची पण खूप दाबून भरलेली, रेकॉर्डिंग होते. हे फुटेज टाइमलाइनवर अडकत-अडकत चालतं, आणि लोक प्रोसेसर किंवा रॅमला दोष देतात. कारण वेगळं आहे: ही फाइल हार्डवेअरवर उलगडण्याची सोय इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये, म्हणजे क्विक सिंकमध्ये आहे. एएमडीच्या आतल्या ग्राफिक्समध्ये ती नाही, आणि एनव्हीडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांतही नाही. तेव्हा आरटीएक्स ३०६० किंवा ४०६० कार्ड असलेल्या एडिटरने इंटेलच घ्यावा आणि 'एफ' अक्षर असलेला, म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेला, मुळीच घेऊ नये. १२४००एफ किंवा १४४००एफ घेऊन हजार-दीड हजार वाचवले की नेमकी हीच सोय जाते. बायोसमध्ये आतलं ग्राफिक्स 'एनेबल' करावं लागतं. कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड ते आपोआप बंद करतात.

यातही एक बारकावा. १२४०० आणि १४४०० मध्ये यूएचडी ७३० असतं, त्यात व्हिडिओचं एकच इंजिन. १४५०० मध्ये यूएचडी ७७०, त्यात दोन. दोन-तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम करणाऱ्यांनी १४५०० घ्यावा: सहा पी आणि आठ ई कोअर, बी७६० बोर्ड, मूळ ६५ वॅट. बजेट मोठं असेल तर २६५के. अल्बम डिझाइन आणि फोटोशॉपच करणाऱ्याला हे काही लागू नाही, त्याला ७६०० किंवा ९७००एक्स आणि ३२ जीबी रॅम पुरे.

आता उन्हाचं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो आणि बिनएसीच्या दुकानात आत ४० सहज असतो. कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा किती अंश वर ठेवतो, एवढंच मोजायचं असतं. २५ अंशांच्या खोलीत पूर्ण भारावर ७५ दाखवणारं मशीन ४० अंशांच्या खोलीत ९० च्या आसपास जाईल. रायझन ७००० आणि ९००० ची मर्यादा ९५, चौदाव्या पिढीपर्यंतच्या इंटेलची १००. मर्यादा गाठली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. जळत नाही, पण विकत घेतलेला वेग मिळत नाही. १४७००के पूर्ण भारावर २५३ वॅट आणि २६५के २५० वॅटपर्यंत ओढतो. एवढी उष्णता साध्या टॉवर कूलरने ४० अंशांत निघत नाही, ३६० मिमीचा लिक्विड कूलर लावावा लागतो, आणि बाहेर फेकलेली हवा त्याच खोलीत राहते.

यावर फुकटचा उपाय आहे. इंटेलच्या बोर्डावर बायोसमध्ये पीएल१ आणि पीएल२ असे दोन आकडे असतात: प्रोसेसरने सलग आणि थोड्या वेळापुरते किती वॅट ओढायचे, त्याच्या मर्यादा. २६५के ला दोन्ही १२५ ठेवा. वेग थोडा घटतो, वॅट निम्मे होतात. १२४०० ला पीएल२ मुळात ११७ आहे, तो ६५ ला बांधला तर टॅलीच्या कामात फरकच कळणार नाही. एएमडीच्या १०५ वॅट आणि वरच्या मॉडेलांना इको मोड ६५ लावा. ९७००एक्स ला नंतरच्या बायोसमध्ये १०५ वॅटचा पर्याय आला आहे, तो आपल्याकडे बंदच ठेवा. एसएमपीएसच्या आतल्या पंख्याचीही कदर करा: ४० अंशांत काठोकाठ भारावर चालवू नका, अंदाजे भाराच्या दीडपट वॅटचा घ्या.

डेझर्ट कूलरचा झोत कॅबिनेटवर थेट सोडू नका. गार हवा चांगलीच, पण त्यासोबत येणारे तुषार आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार बोर्डावर बसतात. कपाशीच्या हंगामात जिनिंगजवळच्या दुकानांत फिल्टरवर रुईचा थर साचतो. तेव्हा महिन्यातून एकदा ब्लोअर मारा आणि मारताना पंखा बोटाने धरून ठेवा. तसाच भरधाव फिरला तर बेअरिंग जातं.

लाइटीचा मुद्दा प्रोसेसर निवडीशी थेट जोडलेला आहे. नेहमीचा ६०० व्हीए यूपीएस साधारण ३६० वॅट झेलतो. १२४०० किंवा ७६०० आतल्या ग्राफिक्सवर आणि २२ इंची मॉनिटर असेल तर तो आरामात पुरतो. २६५के आणि मोठं कार्ड रेंडरला लावलं असताना लाइट गेली तर तोच यूपीएस ओव्हरलोड होऊन तिथेच बंद पडेल. घरच्या इन्व्हर्टरवर चालवत असाल तर मागचं बटण यूपीएस मोडला आहे का बघा. साध्या मोडमध्ये बदल व्हायला वेळ लागतो आणि तेवढ्यात मशीन रीस्टार्ट होतं.

जोडणी करताना होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात. जुना कूलर काढताना पेस्ट चिकटून प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं मशीन चालवून गरम करा, मग कूलर हलकेच पिळून काढा. एलजीए१७००, १८५१ आणि एएम५ मध्ये पिना बोर्डात असतात. वाकलेल्या पिनांवर बोर्डाची वॉरंटी मिळत नाही, म्हणून बोर्ड घेताना सॉकेटवरचं झाकण दुकानातच उघडून मोबाइलच्या टॉर्चने बघा. जुन्या साठ्यातला बी६५० बोर्ड आणि नवा रायझन ९००० लावला की स्क्रीन येत नाही, कारण बायोस जुनं. बोर्डाच्या मागे बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही अपडेट होतं. ते बटण आहे का, हे बोर्ड निवडतानाच बघा. हाच प्रकार जुन्या बी६६० वर चौदावी पिढी लावताना होतो.

एएम५ मध्ये डीडीआर५ च्या दोनच कांड्या लावा. चार लावल्या की अधिकृत वेग ३६०० पर्यंत उतरतो. दोन कांड्यांवर बायोसमध्ये एक्सपो (रॅमच्या जाहीर वेगाची सेटिंग) चालू करून ६००० मिळतात. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंग (बोर्डाने रॅम स्वतः जुळवून घेणं) होतं आणि स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. घाबरून बटण दाबून बंद करू नका, आणि हे काम लाइट जाण्याच्या वेळी, यूपीएसशिवाय करू नका.

बिल पक्कं घ्या, त्यावर प्रोसेसरचं पूर्ण मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. सीलबंद बॉक्सवर कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, ट्रे मालावर फक्त दुकानदाराची, बहुधा एकच वर्षाची. तुमच्या स्वतःच्या दुकानाची जीएसटी नोंदणी असेल तर पक्क्या बिलावर १८ टक्क्यांचं क्रेडिटही मिळतं. इंटेलच्या बॉक्सवरचे एफपीओ आणि एटीपीओ नंबर कंपनीच्या वॉरंटीच्या पानावर टाकून दुकानातच तपासता येतात. बॉक्स जपून ठेवा, कारण वॉरंटीला माल पाठवताना हेच नंबर मागतात.